निळी कड वर

हार्लन ट्वेट समोरच्याच घरात टिकून राहिला, तर त्यात लवॉन ब्रेकेचा फायदा काय होता? तिला विचाराल तर म्हणेल, काही नाही, शेजारधर्म. तेव्हा मोजणी आपणच केलेली बरी. घट्ट बसलेली बरण्यांची झाकणं उघडून देणारे दोन हात. गावात जायला-यायला एक पिकअप, कारण नवरा गेल्यावर तिने स्वतःची गाडी विकून टाकली होती. काहीही बोललं तरी मनाला लावून न घेणारा एक श्रोता. आणि सकाळी उठल्यावर समोरच्या स्वयंपाकघरात लागलेला दिवा, म्हणजे या रस्त्यावर आपल्याखेरीज आणखीही कोणी उठलंय याची खात्री. तीन जुलैच्या सकाळी हा सगळा ऐवज एका डुगडुगणाऱ्या स्टुलावर चढून आपल्या व्हरांड्याच्या छपराला झालर बांधत होता, आणि लवॉन कॉफीचा कप हातात धरून खिडकीतून ते बघत होती.

लाल कड वर होती.

ऑस्टबी गावात माणसाचं पुष्कळ काही उलटंसुलटं खपून जातं, पण चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, झालर उलटी खपत नाही. चांदण्यांची निळी कड वर, मध्ये पांढरी, खाली लाल. शेंबड्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. लवॉनने कप ठेवला आणि घरातल्या सपाता न बदलता रस्ता ओलांडला.

"पडलास तर मी उचलणार नाही, आधीच सांगते," ती पायरीशी येऊन म्हणाली.

"तुला कोणी बोलावलंय उचलायला? बाजूला उभी राहा म्हणजे झालं."

"काय चाललंय हे?"

"विहीर खणतोय."

"उलटी खणतोयस. लाल वर आलीय."

हार्लनचे हात थांबले. त्याने मान वर करून बघायला हवं होतं. त्याऐवजी त्याने बोटांनी कड चाचपली. चांदण्या कापडावर छापलेल्या होत्या. बोटांना त्या काय सांगणार?

"माहितीय मला," तो म्हणाला. "अजून बांधून कुठे झालीय."

"अर्धी तर बांधलीस की."

"गाठी सोडता येतात."

त्या गाठी सोडण्यातल्या नव्हत्या. हार्लनचं सगळं आयुष्य गावाच्या धान्यगोदामावर काट्यापाशी गेलं होतं. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा झाला की परत तोलायचा, एकातून दुसरा वजा करून माल किती ते सांगायचं. मधल्या वेळात पोत्यांची तोंडं बांधायचं काम कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो करायचा. त्याच्या हातची गाठ सुरीनेच सुटते, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

तो स्टुलावरून उतरला, पायरीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला लाल कुठला आणि निळा कुठला ते कळत नाही, लवॉन," तो म्हणाला. उद्या पाऊस येईलसं वाटत नाही, हे जसं सांगावं तसं. "गडद रंग सगळे एकाच पोत्यातले दिसतात. आणि बरोबर मधोमध एक डाग असतो. बघायला गेलं की तिथेच येतो. कडेकडेनं दिसतं मात्र."

"कधीपासून?"

"आर्डिथला माहीत होतं."

आर्डिथ म्हणजे त्याची बायको. फेब्रुवारीत गेली. म्हणजे हे निदान फेब्रुवारीच्या आधीचं होतं, आणि त्या बाईने त्याबद्दल रस्त्यापलीकडे एक अक्षर जाऊ दिलं नव्हतं. लवॉनला आधी त्याचाच राग आला. मग तिला दुसरं काहीतरी आठवलं.

"म्हणून गाडीत मला विचारत असतोस होय, सिग्नल लागला का गं, म्हणून? आणि मी आपली गंमत समजून सांगतेय."

"तू छान सांगतेस. आर्डिथ नुसती गुडघ्यावर चापट मारायची."

लवॉनने यावर हसायला नको होतं. पण ती हसली, आणि हसली म्हणून त्या व्यवहारात आपोआप भागीदार झाली.

आता खरी अडचण. हार्लनची एकुलती एक मुलगी जनेल दूर डी मॉइन शहरात राहायची. एप्रिलमध्ये हार्लन शेगडीवर तवा विसरला होता. धूर बघून आगीचा बंब आला आणि ती बातमी जनेलपर्यंत त्याच्याही आधी पोचली. तेव्हापासून तिच्या घरातली मागच्या बाजूची खोली त्याच्यासाठी रिकामी करून ठेवलेली होती. गेल्या रविवारी तिचा फोन आला. चार तारखेला कर्टला घेऊन येते, तुझं कसं चाललंय ते बघते, मग बसून बोलू. एवढंच म्हणाली होती बिचारी. पुढचं सगळं हार्लनने स्वतःच्या तोंडाने केलं.

"मी म्हटलं, ये की. सगळं आईच्या वेळेसारखंच असेल. झालरी, टेबल, अंडी. थरांची जेलीसुद्धा."

"थरांची जेली? तू?"

"निघून गेलं तोंडातून."

"तुला पाणी उकळता येत नाही, हार्लन."

"उकळता येतं. बंद करायचं राहतं."

लवॉनने रस्त्यापलीकडे आपल्या व्हरांड्याकडे पाहिलं. तिचंही खोकं तिथे खुर्चीवर काढून ठेवलेलं होतं, आज लावायला म्हणून. मग तिने हार्लनच्या तळघराच्या दाराकडे पाहिलं.

"आर्डिथची खोकी कुठेत?"

आता हे दोन व्हरांडे एकमेकांशी किती वर्षं कुस्ती खेळत होते, ते सांगायला हवं. लवॉनचा नियम असा की कठड्याला एक झालर, खांबाला एक झेंडा, पायरीवर लाल जिरेनियमच्या दोन कुंड्या, टेबलावर पांढरी चादर, बस. आर्डिथला बस हा शब्दच माहीत नव्हता. छपराला झालर, कठड्याला झालर, खिडक्यांना चुणीदार कापडी पंखे, बरण्यांना फिती, अंड्यांत टोचलेल्या काड्यांना झेंडे, आणि एका वर्षी तर कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा. लवॉन चर्चच्या पायऱ्यांवर एकदा म्हणाली होती की समोर सर्कशीचा तंबू पडलाय, तिकीट कुठे मिळतं ते विचारायला हवं. आठवड्याच्या आत उत्तर आलं: लवॉनचा व्हरांडा छान असतो, अगदी पोस्ट ऑफिससारखा. त्यानंतर दोघी एकमेकींना फळं भरून भाजलेले गोड पाय नेऊन देत, आजारपणात सूप नेऊन देत, आणि चार जुलैला एकमेकींच्या व्हरांड्याबद्दल "वा, छान" एवढंच म्हणत.

तर आता लवॉन ब्रेके या पोस्ट ऑफिसच्या मालकिणीला स्वतःच्या हाताने सर्कशीचा तंबू उभारायचा होता. आणि तोही हुबेहूब. कारण जनेलचं त्या तंबूतच बालपण गेलं होतं.

तळघरात नाताळचं खोकं होतं, ईस्टरचं होतं, आणि त्या दोन्ही खोक्यांना आपल्या पोटात घेईल एवढं चार जुलैचं होतं. लवॉनने ते उघडलं तेव्हा इस्त्रीच्या खळीचा वास आला. झालरी चापूनचोपून घड्या घातलेल्या. पंख्यांच्या प्रत्येक चुणीत पातळ कागद. हे खोकं शेवटचं भरलं तेव्हा आर्डिथ आजारी होती. तरी एक चुणी चुकलेली नव्हती.

"बाई भारीच होती," लवॉन स्वतःशी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" वरून हार्लनने विचारलं.

"म्हटलं, खोकं जड आहे. ये खाली."

सबंध दिवस त्यात गेला. उलटी झालर सुरीने कापून काढून सुलटी लावली. लवॉनचे गुडघे स्टुलाला राजी नव्हते, म्हणून वर चढायचा हार्लन आणि खालून ती ओरडायची: डावीकडे, तुझं डावं, माझं नव्हे. कठड्यावरची झालर तिने एकटीने लावली. टेबलावरचं कापड दोनदा इस्त्री केलं. बागेच्या कडेची डेझीची फुलं तोडून बरण्यांत भरली, बरण्यांना फिती बांधल्या. फितींची फुलं आर्डिथ फुगीर करायची. लवॉनच्या कपाळाला असली फुगीर फुलं बघून लहानपणापासून आठ्या पडायच्या. तिने ती फुगीर केली.

आणि मधूनमधून जेली. एक थर ओतायचा, तो थंडगार होऊन बसला की दुसरा, तो बसला की तिसरा. घाई केली की सगळं एकात एक मिसळून जांभळा चिखल. दोन थरांच्या मधल्या वेळात ती हार्लनला पढवत होती.

"जेली कशी केलीस?"

"भांड्यात."

"पोरगी विचारेल ना. आधी कुठला थर घातलास?"

"लाल. तो खाली असतो ना."

"निळा आधी. भांडं उलटं करून काढायची असते जेली. भांड्यात जो खाली, तो ताटात वर."

हार्लनने विचार केला. "म्हणजे तुझ्या त्या झालरीसारखंच. निळी वर."

"सगळं जगच तसं आहे."

"मग मी सकाळी उलटी लावत होतो, ती कोणीतरी ताटात उलटी करेल म्हणून लावत होतो, असं म्हणता आलं असतं."

"गप्प बस आणि बटाटे सोल."

संध्याकाळी ती रस्ता ओलांडून घरी आली तेव्हा कठड्याला धरून पायरी चढली. खोकं खुर्चीवर तसंच होतं. सकाळी बघू, तिने ठरवलं. सकाळी अंडी उकडायची होती, पिवळं मोहरीत कालवून परत भरायचं होतं, प्रत्येकात काडीचा झेंडा टोचायचा होता, आणि जनेलची गाडी सांगितल्या वेळेआधीच आली.

जनेल पायवाटेवर उभी राहिली, घराकडे बघत. सरळ, उंच बाई, आईसारखी हनुवटी. छपराची झालर, कठड्याची झालर, खिडक्यांतले पंखे. तिने गॉगल काढला आणि परत लावला.

"डॅड, हे सगळं तू केलंस?"

"मग? झेंडे काय आपापले चालत येतात?"

तिचा नवरा कर्ट मोठा खाणारा आणि छोटं बोलणारा होता. तो म्हणाला, "छान आहे," आणि आतून हॅमचा वास कुठून येतोय याचा अंदाज घेऊ लागला. लवॉन पाहुणी म्हणून आली होती. हातात तिने स्वतः भाजलेला रुबार्ब पाय धरला होता, पुरावा म्हणून, की मी एवढंच केलंय.

जेवण झकास झालं. हार्लनला रंगात आलेलं लवॉनने फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्याने गोदामावरचे जुने किस्से काढले: ट्रकमध्ये सासूला बसवून वजन वाढवणारा शेतकरी, आणि रिकामा ट्रक तोलताना तिला खाली उतरवायला तो कसा विसरला नाही ते. जेली ताटात उलटी झाली तेव्हा तिन्ही थर सुतासारखे सरळ निघाले, निळा वर.

"आई म्हणायची तीन वर्षं लागली हे जमायला," जनेल म्हणाली. "तुला पहिल्याच फटक्यात?"

"निळा आधी ओतायचा," हार्लन गंभीरपणे म्हणाला. "भांड्यात खालचा, ताटात वरचा. लोक तिथेच चुकतात."

लवॉनने पाण्याचा घोट घेतला. तिला टेबलाखालून पाय लावायची गरज एकदाही पडली नव्हती. बीन्सचं भांडं त्याच्या उजव्या हाताला, लोणी डाव्या हाताला, सरबत समोर. काल सगळ्या जागा ठरवून ठेवल्या होत्या. फक्त एकदा त्याचा हात मिठाकडे जाताना डेझीच्या बरणीला लागला. बरणी डुगडुगली, पडली नाही. जनेलने ते पाहिलं, की लवॉनला नुसतंच तसं वाटलं, हे सांगणं कठीण.

मग बँडचा आवाज आला आणि सगळे बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. ऑस्टबीची मिरवणूक दरवर्षी याच रस्त्याने जाते: आधी बंब, मग ट्रकवर बसलेला शाळेचा बँड, मग धुऊन पुसून चकचकीत केलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्यावरून चॉकलेटं उधळणारी माणसं. दोन्ही बाजूंनी पोरं रस्त्यावर धावत होती, वाकत होती, ट्रॅक्टरच्या चाकांशी झोंबत होती. सगळ्या कठड्यांवर झालरी होत्या. मिरवणुकीचा शेवटचा ट्रॅक्टर पुढे गेला आणि रस्त्यापलीकडचं घर मोकळं दिसू लागलं.

लवॉनचा कठडा उघडा होता. खांबाला झेंडा नव्हता. खुर्चीवर एक खोकं होतं, एवढंच.

जनेल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भांडी घासते मी. मिसेस ब्रेके, तुम्ही पुसाल का?"

लहानपणापासून ती लवॉनला मिसेस ब्रेकेच म्हणायची. आता स्वतःचे केस पिकले होते तरी ते सुटलं नव्हतं.

स्वयंपाकघरात जनेलने नळ सोडला.

"तुमचा व्हरांडा या वर्षी मोकळा," जनेल म्हणाली.

"रंग द्यायचाय कठड्याला."

"हं." एक ताट पुढे आलं. "तुम्हाला माहितीय, आई तीन तारखेला काय करायची? कॉफी घेऊन त्या खिडकीत उभी राहायची. तुमची झालर लागेपर्यंत हलायची नाही. तुम्ही लावून आत गेलात की म्हणायची, चला, आता बघू, आणि स्वतःची काढायची. म्हणायची, लवॉनची रेघ सरळ असते, तिच्यावरून मला माझी रेघ सापडते."

लवॉन ताट पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"मिस्टर ब्रेके गेले तो जून होता," जनेल पुढे म्हणाली. "दोन आठवडेही झाले नव्हते. तरी तुमची झालर लागली होती. आई रडली होती तेव्हा. आणि आज कठड्याला रंग द्यायचाय?"

"गुडघे दुखतात गं."

"ते खरं असेल. शिडीवर चढून नाही, पण इथे दिवसभर उभं राहून दुखत असतील." ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर लवॉनला सोपं गेलं असतं. "मला एकच सांगा. जेवताना डॅड सगळा वेळ माझ्या कानाकडे बघत बोलत होता. चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्याला दिसतं का?"

झाली का पंचाईत. एक "दिसतं की" म्हटलं की काम होत होतं. जनेलला ते खरं वाटलं नसतं, पण ती चार दिवस विचार करत राहिली असती, मग चार महिने, आणि तेवढ्यात थंडी आली असती आणि रस्त्यांवर बर्फ पडून कोणी कोणाला हलवलं नसतं. झाकणं उघडली गेली असती. दिवा लागत राहिला असता. लवॉनने तोंड उघडलं आणि म्हणाली, "उन्हात जरा त्रास होतो त्याला. या वयात कोणाला होत नाही."

अर्धं खरं बोलायचं कसब तिच्याकडे होतं. आयुष्यभर समोरच्या व्हरांड्याला "वा, छान" म्हणून कमावलेलं.

तेवढ्यात हार्लन आत आला. गडी भलताच खुशीत होता. फ्रिजशेजारच्या खिळ्यावरून त्याने पिकअपची किल्ली काढली. ती मात्र त्याला बघावी लागत नसे.

"सरबताचा बर्फ संपला," तो म्हणाला. "हा गेलो आणि हा आलो. लवॉन, येतेस?"

त्या "येतेस"मध्ये सगळं होतं. सिग्नल, वळणं, समोरून येणारी गाडी. लवॉनचे हात आपोआप पाठीमागे ॲप्रनच्या गाठीकडे गेले. दर मंगळवारी जायची तसंच जायचं, बडबड करत. अगंबाई, लागला की लाल. अरे, ती पोरगी बघ सायकलवर. तिला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की एवढे महिने ती त्या गाडीत बोलत होती, पण नेहमीच रस्त्याकडे बघत होती असं नव्हे. कधी ती दुकानांच्या खिडक्या बघायची. कधी स्वतःच्याच बोलण्यावर हसायची.

खिडकीबाहेर रस्ता पोरांनी भरलेला होता. चॉकलेटं वेचत होती. एक इवलीशी मुलगी, लाल झगा, गडद निळी टोपी, रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसून डांबराला चिकटलेलं काहीतरी नखाने सोडवत होती.

बरोबर मधोमध.

"किल्ली घे त्याच्याकडून," लवॉन म्हणाली.

ती जनेलशी बोलली होती, पण बघत हार्लनकडे होती. ॲप्रनची गाठ अर्धी सुटलेली.

"त्याला मधलं दिसत नाही. लाल-निळ्यातला फरक कळत नाही. गाडीत मी सांगते त्याला. हे सगळं मी लावलंय. जेलीसुद्धा."

बाहेर कर्ट कोणाला तरी हाक मारत होता. हार्लन दारात उभा राहिला, लवॉनच्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत, म्हणजे बरोबर तिच्याकडेच. मग तो टेबलापाशी आला, हाताने चाचपत डेझीची बरणी शोधली आणि तिच्या शेजारी किल्ली ठेवली. आवाज न करता.

"बर्फाशिवाय पण चालतं म्हणा सरबत," तो म्हणाला, आणि परत बाहेर कर्टपाशी जाऊन बसला.

हार्लनने जनेलकडे राहायला जायचं ठरलं, आणि सामानाची बांधाबांध व्हायला दोन-तीन आठवडे गेले. त्या दिवसांत हार्लन आणि लवॉन बोलत होते, टोमॅटोबद्दल, हवेबद्दल. एकदाच तो म्हणाला, "ती पोरगी कोण होती गं, लाल झग्यातली? जनेल सांगत होती."

"ल्योकनांची नात."

"हं." तो आपल्या हातांकडे बघत राहिला, कडेकडेनं. "बरं केलंस."

"मला काही बरं वाटत नाहीये."

"ते वेगळं."

ज्या रविवारी तो जाणार होता, त्या दिवशी लवॉन मुद्दाम चर्चला गेली. निरोपाचा तमाशा तिला नको होता. सगळं आटोपल्यावर परतायचं, असा बेत. पण प्रवचन आखूड झालं. ती रस्त्याच्या टोकाला आली तेव्हा जनेलची गाडी समोर उभीच होती, मागे गाद्या-उश्या कोंबलेल्या, आणि हार्लन लवॉनच्या व्हरांड्याच्या पायरीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

खुर्चीवरचं खोकं रिकामं होतं. कठड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत झालर बांधलेली होती. रेघ एका ठिकाणीही झुकलेली नव्हती. त्याने कठड्यावर हात फिरवत-फिरवत बांधली असणार. प्रत्येक दांड्याला एक गाठ, पोत्याच्या तोंडाची, सुरीशिवाय न सुटणारी.

"तुझी राहिली होती," हार्लन म्हणाला. "माझ्यामुळे."

"जुलै संपत आला, हार्लन."

"मग काय झालं. पोस्ट ऑफिस बारा महिने उघडं असतं."

ती जवळ आली. जनेल गाडीच्या दारात उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. दोघींनी एकाच वेळी कठड्याकडे पाहिलं.

"बरोबर लागलीय ना?" हार्लनने विचारलं. "निळी वर आहे ना?"

लवॉनने झालरीवर हात फिरवला. कापड उन्हाने तापलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "निळीच वर आहे."

"वाटलंच मला," हार्लन उठत म्हणाला. जनेलने गाडीचं दार उघडलं, बापाच्या डोक्यावर हात धरला आत बसताना लागू नये म्हणून, आणि लवॉनकडे बघून मान हलवली. त्या हनुवटीचा लवॉनला पहिल्यांदाच राग आला नाही.

झालर ऑगस्टभर राहिली, सप्टेंबरात राहिली. टपालवाला म्हणाला, मिसेस ब्रेके, उलटी लागलीय तुमची. ती म्हणाली, माहितीय. चर्चमधल्या बायकांनी आधी हळूच आणि मग स्पष्ट सांगितलं, आणि एकीने तर स्वतः येऊन बदलून द्यायची तयारी दाखवली. लवॉनने तिला कॉफी पाजली आणि परत पाठवली. वर राहिल्यामुळे लाल कडेला ऊन जास्त लागलं. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनपर्यंत ती विटून गुलाबी झाली, आणि खालची निळी तशीच गडद राहिली.

आता तोल करून टाकू, हार्लनच्या पद्धतीने, भरलेल्यातून रिकामं वजा करून. जनेलला तिचा बाप मिळाला, तिच्या कानाकडे बघत बोलणारा. हार्लनला मागच्या बाजूची खोली मिळाली, आणि डी मॉइनच्या डॉक्टरांकडून त्याच्या डागाला एक लांबलचक नाव. आर्डिथला, मेल्यानंतर का होईना, तिच्या व्हरांड्यासाठी लवॉनची एक शाबासकी मिळाली, ती ऐकायला तळघरात कोणी नव्हतं एवढंच. ल्योकनांच्या नातीला कसलीच कल्पना नाही. तिला एक चॉकलेट मिळालं.

राहता राहिली लवॉन. ती सकाळी उठते, समोरच्या काळ्या खिडकीकडे बघत कॉफी करते, आणि जॅमची बरणी ओट्याच्या कडेवर आपटून आपटून उघडते. कधी उघडते, कधी नाही.